पहिल्या पाण्याचा मान

विजेचा विषय निघाला की मी आपण होऊन फार बोलत नाही, कारण मग समोरच्याला आपलं अज्ञान कळून वाईट वाटतं. नगरच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये मी असिस्टंट आहे. प्राध्यापक येतात, फळ्यावर आकृत्या काढतात आणि चहाला जातात. वायरी जोडतो तो मी! दिवा लागला की प्रयोग त्यांचा, नाही लागला की "बिभीषण, बघ रे जरा." तेव्हा सासऱ्यांच्या घरातले जुने हिटर काढायचे आणि तिथे नवा गिझर बसवायचा, तोही फिटरला न बोलावता, हे काम माझ्यासाठी हातचा मळ होतं. तसं मी बायकोला, रोहिणीला, छातीठोकपणे सांगितलं. ती नुसतं "बरं" म्हणाली. अकरा वर्षांच्या संसारानंतर निदान तिचं "बरं" तरी मला कळायला हवं होतं.

माझी सासुरवाडी कोपरगावच्या अलीकडे, उसाच्या मळ्यात. सासरे रामहरी अण्णा, सासूबाई लंकाबाई. त्यांच्या घरात पाणी तापवायची तीन साधनं होती आणि तिन्ही माणसाच्या जिवावर उठलेली. एक रॉड, तो बादलीवर आडवी काठी टाकून तिला टांगायचा. एक कॉईलची शेगडी, जिची तुटलेली कॉईल अण्णांनी इतक्यांदा पीळ मारून जोडली होती की ती निम्मी उरली होती. आणि न्हाणीत एक जुना गिझर, जो पाणी कमी तापवायचा आणि झटका जास्त द्यायचा. देवळात जाताना चपला काढायच्या आणि न्हाणीत जाताना घालायच्या, असा त्या घरचा रिवाज होता. पाहुणा अंघोळीला निघाला की तीन-तीन माणसं मागून ओरडायची, "बटन बंद केलं का?"

माझ्या दिवाळसणाला कुणीही ओरडलं नव्हतं. नवा जावई, पहाटेचं अभ्यंगस्नान, मी ऐटीत बादलीत तांब्या बुडवला आणि रॉडनं मला असा झटका दिला की तांब्या वळचणीला जाऊन अडकला. सासरची माणसं आजही ती गोष्ट हसून हसून सांगतात. मीही हसतो. जावयाला हसावंच लागतं.

पण ते सगळं मी पचवलं होतं, कारण अण्णांना दोनच मुली आणि त्यातली थोरली माझी. म्हणजे इतकी वर्षं त्या घरचा मी एकुलता एक जावई! पंख्याखालची खुर्ची माझी. दुधावरच्या सायीची वाटी माझी. मी जेवताना ताटाकडे निदान दोघांचं लक्ष. मी "नको" म्हटलं की पोळी वाढायची आणि "खरंच नको" म्हटलं की तूप वाढायचं, इतकं ते घर माझ्या सवयीचं झालं होतं.

मग उन्हाळ्यात धाकट्या मेव्हणीचं, ज्ञानेश्वरीचं, लग्न झालं. नवरा राहुरीकडचा. नाव पार्थ. जनावरांचा डॉक्टर! आता मला सांगा, ज्या घरात सहा गाई आहेत त्या घरात जनावरांच्या डॉक्टरनं जावई म्हणून यावं, हा सरळ सरळ अन्याय नाही का? मी काय करणार? गाईला ओहमचा नियम समजावणार? पहिल्याच भेटीत या गृहस्थानं गोठ्यात जाऊन एका रुसलेल्या गाईला चारा खायला लावलं आणि अण्णा विरघळले. पुढच्या खेपेला मी गेलो, तर पंख्याखालच्या खुर्चीवर पार्थ. मला बाज दिली. बाज हवेशीर असते म्हणे.

आणि मग दिवाळीच्या तोंडावर फोन आला. रोहिणी आनंदानं मला सांगत होती की अण्णा घरातले सगळे जुने हिटर काढून टाकणार आहेत आणि नवा कोरा गिझर बसवणार आहेत, कारण यंदा पार्थरावांचा दिवाळसण आहे, आणि नव्या जावयाला झटकाबिटका बसला तर बरं दिसणार नाही.

मी जळलो. उगाच आडपडदा कशाला ठेवायचा? पायाच्या नखापासून शेंडीपर्यंत जळलो. अकरा वर्षं मी त्या न्हाणीत रबरी चपला घालून एका पायावर अंघोळ केली, तेव्हा कुणाला हिटर बदलायचं सुचलं नाही. याच्यासाठी गिझर!

तेव्हा मी ठरवलं की गिझर मीच न्यायचा. माझ्या पैशानं घ्यायचा, माझ्या हातानं बसवायचा. म्हणजे पार्थराव अंघोळ करतील ती माझ्या पाण्यानं, आणि घर म्हणेल, शेवटी थोरला तो थोरलाच. मी चांगला पंचवीस लिटरचा गिझर घेतला आणि भांड्यांवर नाव घालणाऱ्याकडून त्याच्या पोटावर लाल रंगात ठळक लिहून घेतलं, 'सप्रेम भेट: बिभीषण व सौ. रोहिणी'. गिझरवर नाव घालायची त्याची पहिलीच वेळ होती. त्यानं मला दोनदा विचारलं, की साहेब, नक्की ना?

चतुर्दशीच्या आदल्या दिवशी आम्ही पोचलो. गिझर बघून अण्णांना खरोखर आनंद झाला. नावावरून बोट फिरवत ते म्हणाले, "अक्षर लई झ्याक हाय." पार्थ आणि ज्ञानेश्वरी संध्याकाळी यायची होती, म्हणून मी लगेच शर्टाच्या बाह्या सारल्या.

पहिलं काम केलं ते जुने हिटर घराबाहेर काढायचं. मला नेमकी अशी भीती होती की नव्याचं काही थोडं इकडेतिकडे झालं की लगेच कुणीतरी म्हणणार, आपला रॉडच बरा होता. रस्त्यावरून भंगारवाला चालला होता, त्याला हाक मारली आणि रॉड, शेगडी, जुना गिझर, तिन्ही त्याच्या गाडीवर चढवली. सासूबाई धावत आल्या. निदान रॉड तरी ठेवावा, अडीनडीला लागतो, असं त्यांचं म्हणणं. मी दुखावल्या आवाजात विचारलं, की माझ्या गिझरवर तुमचा भरवसा नाही का? जावयानं असं विचारल्यावर सासू काय बोलणार? भंगारवाला खूश होऊन गेला.

मग मी गिझर भिंतीवर चढवला. खाली दोन नळ्या असतात, एकीला लाल कडं, दुसरीला निळं. सोबत एक कागदही होता, पण तो अडाण्यांसाठी असतो. लॅबमध्ये मी इतकी वर्षं पोरांना हेच घोकून घेतो, की विजेनं लाल वायरीतून यायचं आणि दुसरीतून परत जायचं. शास्त्र सगळीकडे एकच. मी टाकीकडून येणारा पाइप लाल कड्याला जोडला आणि न्हाणीच्या तोटीकडे जाणारा निळ्याला. एक थेंब गळेल तर शपथ! अण्णा खाली उभं राहून कौतुकानं बघत होते आणि मला वाटलं, पंख्याखालची खुर्ची परत आली.

आता चालू करून बघायचं, तेवढ्यात सासूबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. गिझरला हळदकुंकू लावलं, त्यावर स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. हाराखाली माझं नाव झाकलं गेलं. मी हार जरा वर सरकवला, तो त्यांनी परत खाली ओढला आणि जाहीर केलं, "नव्या वस्तूचं पैलं पानी पार्थरावांच्या अंगावर पडंल. तवर कुनी तोटी फिरवायची न्हाई."

मी समजावून सांगितलं की कुठल्याही यंत्राची आधी चाचणी घ्यावी लागते. त्या म्हणाल्या, "निवदाचं कुनी आधी चाखून बघतं व्हय?" यावर फिजिक्समध्ये उत्तर नाही. मी मग असंही सुचवून पाहिलं की पहिलं पाणी थोरल्या जावयाच्या अंगावर पडलं तरी शास्त्राला बाधा येत नसावी, आणलंही त्यानंच आहे. सासूबाई हसल्या. "तुमचा सन झालाय की," म्हणाल्या. झालाय! कसा झाला होता ते वळचणीला विचारा.

संध्याकाळी पार्थराव आले. आल्या आल्या माझ्या पाया पडले. हे त्यांचं असंच असतं. माणसाला धड राग येऊ देत नाहीत. मग चांदणी व्यायला झाली आहे असं कळल्यावर कपडेही न बदलता गोठ्यात गेले. चांदणी म्हणजे अण्णांची सगळ्यात लाडकी गाय. अण्णा त्यांच्या मागे, सासूबाई अण्णांच्या मागे. माझा गिझर हार घालून एकटाच न्हाणीत टांगलेला. त्याला आणि मला त्या क्षणी सारखंच वाटत असणार.

पहाटे मला जाग आली ती सगळ्यांच्या आधी. खरं तर झोप लागलीच नव्हती. पडल्या पडल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येत होतं. माझ्या गिझरचं वाफाळतं पहिलं पाणी आणि त्याखाली हसरा पार्थ. मला असह्य झालं. मी उठलो. कुणाला हेव्यानं उठलो असं वाटेल, पण तसं नाही, चाचणी घेणं ही माझी तांत्रिक जबाबदारी होती. टॉवेल घेतला आणि परसातल्या न्हाणीत शिरून आतून कडी लावली. बटण दाबलं. थोड्या वेळानं गिझरवरचा तांबडा दिवा विझला, म्हणजे पाणी तापलं. कोनाड्यात सासूबाईंनी वाटीत उटणं भिजवून ठेवलं होतं, चंदन, वाळा, नागरमोथा, नुसत्या वासानंच माणूस जावई व्हावा! ते पार्थसाठी होतं हे मला ठाऊक होतं. मी ते सगळं अंगाला चोपडलं. केसांतसुद्धा. वाटी बोटानं पुसून घेतली.

मग तोटी सोडली. पहिला तांब्या कोमट. म्हटलं, नळीतलं पाणी असेल. दुसरा तांब्या त्याहून कोमट. तिसरा गार. चौथा असा, की गोदावरीत बर्फ पडलाय की काय! तोटी अजून सोडली तर अजून गार. यंदा पहाटेचा गारठा लवकर पडला होता आणि स्लॅबवरच्या टाकीनं रात्रभर तो साठवून ठेवला होता. अंगावरचं उटणं आवळायला लागलं. माझे दात वाजायला लागले. तसंच पुसून गुपचूप निसटावं म्हणून मी कडीला हात घातला आणि बाहेर पावलं वाजली.

झालं होतं ते असं. घरदार उठलं होतं, अंगणात रांगोळी घालून पाट मांडला होता आणि नव्या जावयाला उठवायला ज्ञानेश्वरी गेली, तर अंथरूण रिकामं. न्हाणीत दिवा, कडी आतून, पाण्याचा आवाज. म्हणजे तेल नाही, उटणं नाही, ओवाळणं नाही, कुणाला न सांगता जावई अंघोळीला जाऊन बसले! याचा त्या घरात एकच अर्थ होऊ शकत होता. माझंही अंथरूण रिकामं होतं, पण तिकडे कुणी बघितलंच नाही.

"आवो, पार्थराव रुसले," सासूबाईंचा घाबरलेला आवाज आला.

आता दिवाळसणाला जावयानं रुसायचं हा आमच्याकडचा मानच आहे. पण तो रुसतो दुपारी, पुरणपोळीच्या भरल्या ताटावर. घास उचलत नाही, मग सासरे समजूत घालतात, काहीतरी वस्तू कबूल करतात आणि मग तो जेवतो. पहाटेच न्हाणीत कोंडून घेऊन रुसणारा जावई कुणी पाहिला नव्हता. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

मी बोललो असतो तर उघडा पडलो असतो. पार्थच्या आधी, पार्थचं उटणं लावून, पार्थच्या पाण्यानं! मी तोंड दाबून गप्प बसलो. दात मात्र वाजतच होते.

"रागानं दात खात्यात," सासूबाई कुजबुजल्या.

मग अण्णा दाराशी आले. घसा खाकरून त्यांनी अगदी मऊ आवाजात सुरुवात केली की पार्थराव, काय चुकलं असेल ते पोटात घाला, अंगठी करून ठेवली आहे, दुपारी देणारच होतो. अंगठी! मला माझ्या वेळी मनगटी घड्याळ मिळालं होतं, तेही पाण्यात चालत नाही असं बजावून. माझ्या नाकातून आपोआप जोरात फुरफुर निघाली.

"अंगठी पसंत न्हाई वाटतं," अण्णा बाहेर म्हणाले.

मग चढाओढच लागली. तीही कुणाची, तर अण्णांची आणि माझ्या गप्प बसण्याची. अण्णा काही कबूल करायचे, मी आत थंडीनं आणि संतापानं कुडकुडत गप्प राहायचो, की ते आणखी वर चढायचे. अंगठीवर गोफ आला. गोफानंतर नवा मोबाईल. मग मोटरसायकल! जो माणूस तुटलेली कॉईल पीळ मारून वर्षानुवर्षं वापरतो, तो माझ्या डोळ्यांसमोर, म्हणजे दाराच्या पलीकडून, मोटरसायकल देत होता. ज्ञानेश्वरी हुंदके देत होती. शेजारचा पुंजाराम आणि त्याची आई कडूबाई काय झालं ते बघायला आली होती. कडूबाईंनी बाहेरून मला सांगितलं की बाबा, सासऱ्याला सनासुदीचं किती वाकवशील? मला! मी आत थंडीनं मरत होतो.

शेवटी अण्णांचा आवाज एकदम जड झाला.

"पार्थराव, आता शेवटचं बोलतो. चांदनी न्या तुमी. व्हनाऱ्या वासरासकट न्या. पन बाहीर या."

चांदणी! अहो, त्या चांदणीला मी एकदा हात लावला तर अण्णांनी मला हात धुऊन घ्यायला लावला होता. त्यानंतर मी काय करतोय याचं भान मला राहिलं नाही. मी खाडकन कडी काढली आणि ओरडलो, "मला घड्याळ आणि याला गाय?"

समोर कंदील, आरतीचं ताट, पाट, रांगोळी आणि अर्धी वस्ती. मध्ये मी. कमरेला टॉवेल, अंगावर सुकून तडे गेलेलं उटणं, ओठ निळे आणि केस खडे उभे. कडूबाईंनी पदर तोंडाला लावला. रोहिणी मागे उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, आभाळाकडे बघत होती.

अण्णांनी कंदील माझ्या तोंडापाशी धरला. मग म्हणाले, "बिभीषनराव, तुमी हुता व्हय आत?" त्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. मोटरसायकल वाचल्याचा आनंद होता.

आणि तेवढ्यात गोठ्याकडून पार्थराव आले. बाह्या वर, हात कोपरापर्यंत भरलेले, चेहरा हसरा. पहाटेपासून ते तिथेच होते. "अण्णा," ते म्हणाले, "चांदणीला कालवड झाली. दोघी ठणठणीत आहेत."

झालं! सगळी वस्ती गोठ्याकडे पळाली. मी दारात टॉवेलावर उभा. ओवाळायचं ताटसुद्धा कालवडीकडे गेलं.

पण खरी पंचाईत पुढेच होती. सूर्य उगवायच्या आत नव्या जावयाची अंघोळ व्हायला हवी आणि घरात गरम पाणी नाही. गिझर गार पाणी देतोय, आणि जुनं सगळं भंगारात. सासूबाई रॉड शोधायला लागल्या आणि त्यांना आठवलं. परसातली चूल पेटवायची तर पाणी तापेपर्यंत ऊन पडलं असतं. मग पुंजाराम घरी पळाला आणि आपल्या बंबातलं कढत पाणी घेऊन आला. त्याच्या मागून कडूबाई कडुलिंबाचा पाला घातलेली कळशी घेऊन आल्या. बातमी पसरली तसं घराघरातून पाणी यायला लागलं, कारण त्या पहाटे वस्तीतला एकूण एक बंब पेटलेला. कुणी उटणं आणलं, कुणी सुवासिक तेल. आख्ख्या वस्तीनं उचलून आणलेल्या पाण्यानं पार्थरावांची अंघोळ झाली! माझ्या गिझरनं तो मान त्यांना सात जन्मांत दिला नसता. म्हणजे मी जे काही केलं, त्यानं त्यांचंच भलं झालं.

त्यातही त्यांनी निम्मं पाणी माझ्यासाठी राखून ठेवलं. "साडूभाऊ, या इकडं, तुमच्या केसांत उटणं आहे अजून," असं म्हणून स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर तांब्या ओतला. पाणी छान कढत होतं. असं सुख आणि असा संताप मला एकाच वेळी कधी झाला नव्हता.

दुपारी पंगत बसली. मला शिंका सुरू झाल्या होत्या, म्हणून सासूबाईंनी घोंगडी पांघरून एका कोपऱ्यात बसवलं आणि पुरणपोळीऐवजी सुंठ-मिऱ्याचा काढा दिला. पार्थच्या ताटाभोवती रांगोळी. रुसायची वेळ झाली. पहाटे तोंडातून निघून गेलेलं सगळं अण्णांना आठवत होतं. त्यांच्या कपाळावर घाम होता. सगळे म्हणायला लागले, पार्थराव, आता रुसा. पार्थरावांनी हात मागे घेतला. मी काढ्याचा पेला धरून डोळे मिटले. गोफ मागतो की गाय, एवढंच आता ऐकायचं होतं.

"मला ती अंगठी नको आणि गायही नको," पार्थराव म्हणाले. "साडूभाऊंनी बसवलेला गिझर द्या."

अण्णा म्हणाले, "अवो, पर त्यो गार पानी देतो."

"देऊ द्या. खरं सांगू का अण्णा? लग्न ठरल्यापासून मी या घरात एकच ऐकतोय. बिभीषणराव असं जेवतात, बिभीषणराव तसं बसतात. आमच्या घरीसुद्धा ही रोज एकदा तरी 'आमचे दाजी' म्हणून सुरू होते. मला हेवा वाटतो त्यांचा. त्यांचं नाव असलेली एखादी वस्तू माझ्याकडे असली, तर मलाही थोडी किंमत येईल."

वाचकहो, मी घोंगडीतून बाहेर आलो. शिंका थांबल्या. या माणसाला माझा हेवा वाटतो! माझा! पंख्याखाली बसून, सायीची वाटी खाऊन, हा आतल्या आत माझ्यावर जळत होता. बिचारा. मला त्याच्याविषयी इतकी माया दाटून आली की मी उठून स्वतःच्या हातानं त्याला पोळी वाढली. अण्णांनी मोठ्या मनानं गिझर कबूल केला. इतक्या मोकळ्या मनानं त्यांना काही देताना मी पहिल्यांदाच बघत होतो. अंगठी मात्र त्यांनी तरीही पार्थच्या बोटात घातली, पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

पाडव्याला मीच गिझर उतरवला, खोक्यात भरला आणि पार्थच्या गाडीत ठेवला. घरात आता एकही हिटर नाही हे अण्णांनी जाताजाता माझ्या कानावर घातलं, तेव्हा आठवड्याभरात मी दुसरा नेऊन दिला. तो फिटरनं बसवला. मला शिडीला हात लावू दिला नाही. नाव घातलेलं नव्हतं.

राहुरीहून पार्थचा फोन आला की गिझर झकास चाललाय, पाणी असं कढत की हात लावता येत नाही. फिटरनं फक्त दोन पाइप उलटे करून लावले म्हणे. मी अण्णांना कळवलं की राहुरीचं पाणी हलकं आहे, तापायला सोपं. कोपरगावच्या पाण्याचा दोष आहे, त्याला गिझर काय करणार?

पण खरा घाव बसला तो परवा, नगरला, चहा पिताना. मी सहज म्हणालो की पार्थ मोठा भला माणूस, पण त्याच्या मनात माझ्याबद्दल एवढी असूया असेल असं वाटलं नव्हतं. रोहिणीनं कप खाली ठेवला.

"काहीतरीच काय," ती म्हणाली. "घोंगडीत तोंड पाडून बसला होतात तुम्ही. त्यांना ते बघवलं नाही, म्हणून बोलले ते तसं. मला ज्ञानेश्वरीनं सांगितलं. हेवाबिवा काही नाही."

मी हसलो. बायका भोळ्या असतात. मी तिला शांतपणे सांगितलं की तू म्हणतेस ते वरवरचं झालं, आतून तो जळतो माझ्यावर. मला चेहऱ्यावरून कळतं.

"तुम्हाला कसं कळतं?" तिनं विचारलं.

मी पेपर उघडून तोंडासमोर धरला. आता या विषयातला माझा अभ्यास किती दांडगा आहे, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू?